कडकनाथची पिल्लं अंड्यातच मरत होती, त्यावरचा उपाय

निफाडजवळ आमच्याकडे झाबुआचे कडकनाथ आहेत. कोंबड्या नीट खुडूक (अंडी उबवायला) बसत नाहीत, म्हणून इनक्युबेटर. एप्रिलात पूर्ण वाढलेली पिल्लं २० व्या दिवशी कवचातच मेली, आतला पापुद्रा सुकून चिकटलेला. नर बदलला, तापमान वाढवलं, फरक नाही. तीन खेपा गेल्या, जीव तुटला.

मग आर्द्रतामापक तपासला. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात थोडं पाणी घालून ओला लगदा (मीठ पूर्ण विरघळू द्यायचं नाही), मापकासह हवाबंद डब्यात १२ तास. ७५ टक्के दिसायला हवे होते, दिसले ९०! म्हणजे मापक १५ जास्त दाखवत होता, खरी आर्द्रता कमी पडून पापुद्रा सुकत होता. तेवढे १५ वजा करून १८ दिवस आर्द्रता ५०, तापमान ३७.५. अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद, पाण्याचा दुसरा पसरट ट्रे ठेवून आर्द्रता ६८. पिल्लं सुकेपर्यंत झाकण उघडलं नाही. ३० अंड्यांतून २४ काळीभोर पिल्लं निघाली.