छातीत धडधडतंय, वजनही वाढलंय? आधी बीपी नीट मोजा

पंचविशीत वजन वाढलं की धडधड झाली तरी हार्ट अटॅकची भीती वाटते. त्या भीतीत घेतलेलं रीडिंग बरेचदा जास्त येतं.

पहिली गडबड बीपी मशीनच्या, दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याची. दंडाचा मधला घेर टेपने मोजा. मशीनसोबतचा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंमीचा असतो. दंड ३५ सेंमी असेल तर तो तोकडा पडतो आणि बीपी उगाच वाढलेलं दिसतं. मोठा पट्टा वेगळा मिळतो, तोच घ्या.

चहा-सिगारेटनंतर अर्धा तास थांबा, लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पावलं जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत, उघड्या दंडावर. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस; पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर आकडे लिहिलेली वही घेऊन डॉक्टरांकडे जा. धडधडताना पुन्हा पुन्हा मोजू नका, भीतीने आकडा आणखी चढू शकतो.

कंबरही मोजा: पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंमीच्या पुढे असेल तर रक्तातली साखर आणि लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी) तपासा.

छातीत दाब, घाम, हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मोजत बसू नका, १०८ लावा.