आपली स्वतःची एस-४०० बनवायची तर सुरुवात कुठनं करायची

मंडळाच्या कट्ट्यावर पोरं विचारायली, काका, रशियाकडनं एस-४००, म्हणजे शत्रूची विमानं-मिसाइलं हवेतच पाडायची सिस्टीम घेतली, ती आपणच का बनवत नाही? बनवायलेत की रे. डीआरडीओचा, म्हणजे सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेचा, प्रोजेक्ट कुशा, २०२२ ला मंजुरी मिळाली, साधारण १५०, २५० आणि ३५० किलोमीटरची तीन मिसाइलं. पण बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर जन्म गेलाय माझा, त्यामुळं आधी विचारतो, कामाचा क्रम काय? सगळे मिसाइलपासनं सुरू करतात, तिथंच घोटाळा.

पहिलं काम बघण्याचं. राजहंसगडावरनं जेवढं लांब दिसतंय तेवढं खाली येळ्ळूरच्या शिवारातनं दिसत नाही, रडारलाही तेच लागू, पृथ्वी गोल आहे म्हणून. हिशोब करून बघा, रडारची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, टार्गेटच्या उंचीचंही काढा, दोन्ही मिळवून ४.१२ नं गुणा, आले किलोमीटर. रडार २५ मीटरवर आणि विमान १०,००० मीटरवर असलं तर ४३० किलोमीटरवरनं दिसतंय. तेच क्रूझ मिसाइल, म्हणजे विमानासारखं जमिनीलगत उडत येणारं, १०० मीटरवरनं आलं तर फक्त ६२! म्हणजे सरळ रेषेत बेळगाव ते निपाणी. ते सेकंदाला २५० मीटर पळतंय, हातात राहिली जेमतेम ४ मिनिटं, आणि तुमचं ३५० किलोमीटरचं मिसाइल ट्रकवर तसंच उभं. म्हणून डोळा वर न्यायचा, विमानावर रडार बसवायचं. आपलं नेत्र विमान तेच काम करतंय, त्याची सिस्टीम डीआरडीओच्या बेंगलोरच्या लॅबनं, कॅब्सनं बनवली.

दुसरं काम जोडण्याचं, आणि हे सगळ्यात किचकट. एअर फोर्सची, आर्मीची, नेव्हीची, विमानतळांची सगळी रडारं एका पडद्यावर आली पाहिजेत, आणि त्या पडद्यावर आपला कोण परका कोण हे कळलं पाहिजे. २७ फेब्रुवारी २०१९ ला बडगामला आपल्याच मिसाइलनं आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं, आतले ६ जवान गेले, खाली गावातला १ माणूस गेला. मिसाइल अगदी बरोबर चाललं होतं बघा! एअर फोर्सचं आयएसीसीएस आणि आर्मीचं आकाशतीर ही जोडणीची कामं करतात, त्यावर खर्च आणि वेळ घालवायला कंटाळायचं नाही.

मग मिसाइल. लांब जाणाऱ्या मिसाइलची मोटर थोडाच वेळ जळते, पुढं ते नुसतं वेगावर जातंय, आणि शेवटी टार्गेट वळलं की ह्याच्यात जोर उरलेला नसतो. उपाय म्हणजे मोटर दोन टप्प्यांत जाळायची, दुसरा टप्पा टार्गेटजवळ. इस्रायलबरोबर बनवलेल्या ७० किलोमीटरच्या एमआरसॅम ह्या जमिनीवरनं हवेत मारायच्या मिसाइलमध्ये असंच आहे. वाटेत जमिनीवरनं रेडिओनं दिशा सांगत राहायची, शेवटी नाकातलं छोटं रडार, म्हणजे सीकर, स्वतः शोधतंय. सीकर दुसऱ्या देशाकडनं घेत बसलात तर तुमच्या कारखान्याची चावी त्यांच्या खिशात.

बॅलिस्टिक मिसाइल पाडायचं वेगळंच प्रकरण, ते सेकंदाला काही किलोमीटर वेगानं वरनं पडतंय. त्याची आपली पहिली टेस्ट नोव्हेंबर २००६ ला झाली, आणि काम अजून चालूच आहे.

आणि हो, ड्रोनवर महागडं मिसाइल मारायचं नाही! स्वस्ताला स्वस्तच पाहिजे. २३ ऑगस्ट २०२५ ला ओडिशाच्या किनाऱ्यावर क्यूआरसॅम हे झटपट मारायचं मिसाइल, खांद्यावरच्या मिसाइलच्या जातीतलं व्हीशोराड्स आणि लेझर, तिन्ही एकाच कंट्रोलखाली चालवून तीन वेगवेगळी टार्गेटं पाडली. टेस्ट अशीच घ्यायची, सगळं एकत्र. सुदर्शन चक्र, म्हणजे देशभरच्या हवाई संरक्षणाच्या कवचाची सरकारी योजना, तिची मुदत २०३५ दिलीय, त्यात हेच मोठ्या प्रमाणावर करायचंय.

एका पोरानं विचारलं, मग आमचं काय? डीआरडीओची रडारवाली लॅब एलआरडीई बेंगलोरलाच आहे, इलेक्ट्रॉनिक्सचे विषय बॅकलॉग न ठेवता काढ म्हटलं. गप बसला.