मॉन्स्टेराला नुसती माती नको

मॉन्स्टेरा ही मोठ्या, भोकं पडलेल्या पानांची शोभेची वेल मूळची मेक्सिको ते पनामा पट्ट्यातल्या पावसाळी जंगलांतली. तिथे ती झाडांच्या खोडांवर चढते, त्यामुळे मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. नर्सरीच्या कुंडीत मात्र बरेचदा लाल माती ठासून भरलेली असते. ती वाळली की विटेसारखी होते आणि पाणी कडेकडेने वाहून जातं.

मी डब्याने मोजून घेते: 2 डबे कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), 2 डबे नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे, 1 डबा परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे), 1 डबा गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड. परलाइट महाग वाटलं तर विटेचे हरभऱ्याएवढे तुकडे चालतात. कोकोपीटची दाबलेली वीट मिळते, ती भिजवून दोनदा पिळून घ्या, कारण त्यात बरेचदा मीठ असतं. काळी माती चमचाभरही नको. माझी पहिली मॉन्स्टेरा त्यातच कुजली.

कुंडी भरण्याआधी ओलं मिश्रण मुठीत दाबून पाहा. मूठ उघडल्यावर बोट लावताच ते विस्कटायला हवं. लाडू वळला गेला तर अजून सोडणं घाला. आणि हो, कुंडीच्या तळाला भोक आहे ना, तेही बघा. शोभेच्या कुंड्यांना बरेचदा नसतंच.