अमेरिकन वास्तववाद ऑनलाइन शिकवताना

वास्तववाद म्हणजे रोजचं जगणं सजवल्याशिवाय दाखवणारं लेखन; ते शिकवताना सुरुवात कादंबरीने करू नका. अमेरिकन लेखिका केट शोपँची १८९४ची ‘द स्टोरी ऑफ अॅन अवर’ घ्या. जेमतेम हजार शब्दांची कथा, मोबाइलवर दहा मिनिटांत होते. काटोल-उमरेडकडून जोडलेल्या मुलांचं नेट मध्येच जातं, म्हणून पाठ्य आदल्या दिवशीच ग्रुपवर टाका. ही कथा प्रताधिकारमुक्त असल्याने अडचण नाही.

पहिली चूक ठरलेली: ‘वास्तववाद म्हणजे खरी घडलेली गोष्ट’. व्याख्या सांगून हा समज जात नाही. एकच परिच्छेद द्या आणि त्यातल्या वस्तू, पैसा, बोलणं यांखाली रेघ मारायला सांगा. लेखक कुठे मत देतो आणि कुठे नुसतं दाखवतो, हे मग आपोआप दिसतं. १८६५ला संपलेलं यादवी युद्ध, रेल्वे, कारखाने ही पार्श्वभूमी पंधरा मिनिटांत उरका; त्यावर तासभर घालवला की अर्धे कॅमेरे बंद होतात.

खरी अडचण मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीची. बोलीतले शब्द पाहून मुलं थेट गाइड उघडतात. आधी ‘काय करून राह्यला बे?’ हे नागपुरी बोलीतलं वाक्य पुस्तकी मराठीत लिहायला लावा. काय हरवलं ते विचारा. नंतर गोष्ट सांगणाऱ्या हकचा उतारा मोठ्याने वाचून घ्या. कानाला कळतो. कादंबरीत वंशद्वेषी शब्द वारंवार येतो, तो वाचायचा की गाळायचा हे वर्गाशी आधीच ठरवा.

गृहपाठात सारांश मागू नका, तो नेटवरून येतो. दोनशे शब्दांत एकाच वाक्याचं विवेचन मागा.