गिटार न येणाऱ्याने लिहिलेला गिटार पीस बसवायचा कसा

सोर, जुलियानी, तारेगा या गिटारवादक कंपोजरांचे पीस बसवताना एक सोय असते, लिहिणाऱ्याच्या मांडीवरच गिटार होती, त्यामुळे बोटं कुठे जाणार हे त्याला लिहितानाच माहीत. पण फाया, तुरिना, रोद्रिगो, फ्रँक मार्टिन, ब्रिटन ही कंपोजर मंडळी गिटारवाली नव्हेत, बहुतेकांचा हात पियानोवरच बसलेला. फ्रेंच कंपोजर बर्लिओझ स्वतः गिटार वाजवायचा आणि त्याने लिहून ठेवलंय की वाजवता येत नसेल तर हिच्यासाठी चांगलं लिहिणं जवळपास अशक्यच. तरी यांनी लिहिलं, आणि काय लिहिलंय! फक्त बसवायची पद्धत उलटी करावी लागते.

पहिलं काम म्हणजे गिटार केसमध्येच राहू द्या. खरंच. मी फायाचा ओमेनाहे (१९२०, कंपोजर दब्युसीच्या आठवणीत लिहिलेला) आधी टॅब (कुठल्या तारेवर कुठे बोट ठेवायचं एवढंच दाखवणारं लेखन) बघून बसवला, दोन महिने घासला, एकही स्वर चुकत नव्हता तरी पीस मेल्यासारखा वाजायचा. नंतर नीट नोटेशन उघडलं तर कळलं की त्यात बारीक बारीक खुणा भरल्यात, कुठे जोर, कुठे हळू, कुठला स्वर किती धरायचा, आणि टॅबमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. मी ओपन तारा (बोट न ठेवता वाजणाऱ्या) आपल्या वाजत सोडून देत होतो आणि खाली चाललेला हाबानेराचा (एका संथ नाचाचा) ठेका त्या गुंजारवात बुडून जात होता. गिटारवाल्याने लिहिलेल्या पीसमध्ये अर्ध्या गोष्टी हात आपोआप करतो, इथे हाताला काही माहीत नसतं, कागदालाच माहीत असतं. म्हणून आधी मेलडी गुणगुणा, मग बेस वेगळा गुणगुणा, ठेका टेबलावर वाजवा.

दुसरी युक्ती फार कोणी सांगत नाही. यातल्या काही पीसची पियानो आवृत्ती खुद्द कंपोजरनेच केलेली आहे. फायाने ओमेनाहेची केली, फ्रँक मार्टिनने १९३३ च्या कात्र पिएस ब्रेव्हची केली (हे पीस त्याने प्रसिद्ध स्पॅनिश गिटारवादक सेगोव्हियासाठी लिहिले होते, आणि सेगोव्हियाने ते कधी वाजवलेच नाहीत, असो). ती पियानो आवृत्ती ऐका. कुठला स्वर किती वेळ टिकायला हवा होता, कुठली ओळ पुढे यायला हवी होती, ते तिथे लख्ख कळतं, कारण पियानोवर ताणाताण नाही.

आता गिटार घ्या आणि पेन्सिलही घ्या. अडणाऱ्या जागा दोन प्रकारच्या असतात, काही नुसत्या अवघड आणि काही खरोखरच अशक्य, आणि हा फरक आधी ओळखायचा नाहीतर अशक्य जागेवर आठवडे जातात. उदाहरणार्थ नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये सगळ्यात खालचा एफ आणि त्याच्या लगेच वरचा जी एकदम वाजवायला कोणी लिहिलं तर ते होणारच नाही, दोन्ही स्वर पाचव्या ओपन तारेच्या स्वरापेक्षा खालचे, म्हणजे दोन्ही सहाव्या तारेवरच, आणि एका तारेतून एकावेळी एकच स्वर निघतो. अशा वेळी एफ बेसला ठेवा आणि जी एक सप्तक वर न्या. कॉर्डमध्ये स्वर जास्त झाले तर बेस आणि वरची मेलडी सोडायची नाही, मधला जो स्वर दोनदा आलाय तो पहिला उडवा. आणि लांब बेस धरून हात नवव्या फ्रेटला जाणारच नसेल तर बेस लवकर सोडा, पण सोडताना तार ओरडू देऊ नका.

छापील फिंगरिंग (कुठलं बोट कुठे ठेवायचं ते) हा वेद नव्हे. सेगोव्हियासाठी लिहिलेले बरेच पीस त्याने स्वतः एडिट करून छापले आणि त्यात त्याने आपल्या आवडीने बदलही केलेत, मूळ हस्तलिखितावरून निघालेली आवृत्ती मिळाली तर शेजारी ठेवून बघा, कधीकधी मूळच जास्त सोपं निघतं. मेक्सिकन कंपोजर पोन्सेबद्दल वेगळं सांगत नाही, तो हातात छान बसतो.

सुरुवात फायापासूनच करा, जेमतेम तीन-चार मिनिटांचा पीस आहे आणि बोटांपेक्षा कान जास्त लागतो. रोद्रिगोचा आरान्हुएझ (१९३९, गिटार आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेला) ऑर्केस्ट्राशिवाय घरी बसवायचा असेल तर मधला आदाजिओ, म्हणजे संथ भाग, घ्या, टोकाच्या भागांतल्या धावत्या स्केल्सना दम लागतो. ब्रिटनचा नॉक्टर्नल (१९६३, गिटारवादक ज्युलियन ब्रीमसाठी लिहिलेला) सगळ्यात शेवटी, आणि तो उघडाल तेव्हा शेवटच्या पानापासून वाचा, कारण त्यात व्हेरिएशन्स (थीमची बदललेली रूपं) आधी येतात आणि जुन्या काळच्या डाउलंड या कंपोजरचं गाणं, म्हणजे मूळ थीम, सगळ्यात शेवटी. ते गाणं पाठ झालं की मगच पहिल्या पानावर या.