जबडा अडकला? आधी मोजपट्टी घ्या

पुलगावपलीकडच्या एका गावात मी शिलाईकाम करते. धागा दातानं तोडायचा आणि जूनमध्ये गणवेशांच्या घाईत दात आवळून मशीनवर बसायचं, ही माझी वीस वर्षांची खोड. उजव्या कानासमोर जबडा कटकट वाजायचा. दुखत नव्हता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. नुसत्या आवाजाला उपचार लागतही नाही. पण एका सकाळी आवाज बंद झाला आणि भाकरीचा घास तोंडात जाईना. असं झालं तर बहुतेक कानासमोरच्या जबड्याच्या सांध्यातली गादी, म्हणजे हाडांमधली मऊ चकती, समोर सरकून अडकलेली असते.

आमच्याकडे तोंड उघडत नाही म्हटलं की पहिला प्रश्न, "खर्रा खाता का जी?" मला राग आला, पण प्रश्न चुकीचा नव्हता. खर्ऱ्यातल्या सुपारीनं गाल आतून आवळतात: तिखट झोंबतं, गाल पांढरे पडतात, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात, तोंड हळूहळू लहान होत जातं. सांध्याचं दुखणं एकाएकी अडतं आणि तोंड उघडताना हनुवटी दुखऱ्या बाजूला वळते. खर्ऱ्याच्या तोंडाला खाली सांगितलेल्या सांधा धुण्याचा उपयोग नाही. अक्कलदाढ सुजली असेल तर तेही वेगळं. आणि अंगावर जखम होऊन जबडा ताठरला, गिळता येईना, तर धनुर्वात असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता मोजपट्टी. वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांमधलं अंतर मोजा. मोठ्या माणसाचं साधारण 40 मिलीमीटर किंवा जास्त असतं. माझं 24 भरलं. रोज कॅलेंडरवर लिहीत जा, डॉक्टरला तेच लागतं.

पहिले काही आठवडे मऊ खायचं. फुटाणे, शेंगा, कडक भाकर बंद. ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, ओल्या कापडानं शेकायचं. दंतवैद्यानं गोळ्या आणि रात्री दातांवर बसवायची प्लास्टिकची पट्टी दिली. जबडा ओढून बसवून देणाऱ्याकडे मात्र जाऊ नका. मी गेले होते. दोन दिवस कानात ठणका.

एवढं करूनही अंतर वाढलं नाही तर दंत महाविद्यालयातला मुख-जबडा शस्त्रक्रिया विभाग गाठायचा. आमच्या भागाला वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचं दंत महाविद्यालय किंवा नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय. एमआरआय सांगितला तर कुरकुर करू नका, गादी एक्सरेत दिसत नाही.

मला सांधा धुवायला सांगितला. त्याला आर्थ्रोसेंटेसिस म्हणतात. दुर्बिणीनं सांधा तपासताना डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं की नुसत्या धुण्यानंही तोंड उघडतं. त्यावरून 1991 मध्ये ही सुयांची रीत निघाली. कानासमोर बधिर करतात आणि दोन सुया घालतात. एकीतून सलाईनसारखं रिंगर लॅक्टेट आत जातं, दुसरीतून बाहेर येतं, साधारण 100 मिलीलीटर. सूज आणणारा मळ वाहून जातो, दाबानं चिकटलेलं सुटतं. गादी जागेवर येईलच असं नाही, पण सांधा हलायला लागतो. टाका एकही नाही, आणि मी शिलाईवाली!

भुलीनं काही तास उजवी पापणी नीट मिटेना. मायबाई, मी घाबरलेच. पण ती भूल होती, उतरली. एसटीत धुळीसाठी डोळ्यावर रुमाल धरला. गालावर सूज होती, आणि दोन दिवस दात नीट एकावर एक बसत नव्हते.

खरं काम घरी असतं, आणि कंटाळा तिथंच येतो. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून समोरच्या दातांमध्ये धरायच्या, सोसेल तेवढ्याच. काही दिवसांनी एक वाढवायची. किती आणि कितीदा, ते डॉक्टरला विचारून घ्या. कळ आली तर मी एक काडी काढायची. दीड महिन्यात पट्टीवर 38 दिसले.

कात्री आता मशीनला दोरीनं बांधून ठेवली आहे.