चुली मोजा, मग व्याख्या पाठ करा

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षाला अवघड शब्द फारसे अडवत नाहीत, अडवतात ते ओळखीचे. कुटुंब, संस्था, दर्जा, संस्कृती हे शब्द घरात रोज कानावर पडतात. ते आपल्याला येतात असं वाटतं आणि पेपरात तेच फसतात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शिकणाऱ्यांसाठी उपाय दाराशीच आहे: आपली वाडी.

सुरुवात कुटुंबापासून करा. वीस-पंचवीस घरांची एक वाडी धरा आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजा: ग्रामपंचायतीचे घरक्रमांक, चुली आणि गणपती. गॅसची शेगडीही चूलच. जिथे रोजचा भात वेगळा शिजतो, तिथे वेगळी चूल. हे तीन आकडे सहसा जुळत नाहीत, आणि ते जिथे जुळत नाहीत तिथेच विषय सुरू होतो.

एक मूळघर घ्या. माजघराच्या दोन बाजूंना दोन शेगड्या, मधे भिंत नाही. धाकट्या भावाचा संसार इथेच, आई त्याच्याकडे जेवते. थोरला मुंबईत, पण बायको-मुलं इथे, दुसऱ्या शेगडीवर. घरक्रमांक एक, रेशनकार्डं दोन, सातबारावर काका-चुलत्यांसकट सामाईक नावं, गणपती सगळ्या भावकीचा मिळून एकच. मग कुटुंबं किती?

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३ च्या नातेसंबंधांवरच्या ग्रंथात एकत्र कुटुंबाच्या पाच खुणा सांगितल्या आहेत: एक छप्पर, एका चुलीवरचं अन्न, सामाईक मालमत्ता, एकत्र देवधर्म आणि आपसातलं विशिष्ट नातं. या घराला त्या एकेक लावून बघा. छप्पर आहे, मालमत्ता आहे, देव आहे, नातं आहे, चूल नाही. जनगणनेत मात्र एका स्वयंपाकघरातून जेवणारे ते एक घर, कामाच्या निकडीमुळे कुणी बाहेर असेल तेवढा अपवाद. म्हणजे तिथे ही दोन घरं. आणि गणपतीत त्याच माजघरात सगळ्यांचं एकत्र शिजतं, नैवेद्याचं पान एकच. राहणं, मालकी आणि नातं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे एकदा ध्यानात आलं की विभक्त-एकत्र अशी दोनच खणांची मांडणी किती अपुरी आहे ते कळतं. (कर्वे या समाजशास्त्रज्ञ घुर्यांच्या विद्यार्थिनी आणि गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ साली मालवणात जन्मलेले. कोकणातल्या मुलांना हे माहीत असायलाच हवं.)

सगळ्यात जास्त चूक प्रश्न विचारण्यात होते. ‘तुमचं कुटुंब एकत्र आहे का?’ असं विचारलंत तर ‘होय तर, आम्ही सगळे एकच’ हे उत्तर ठरलेलं. ते खोटं नाही, पण ते मूल्य आहे, वर्तन नाही. त्याऐवजी विचारा: काल रात्रीचं जेवण कुठे शिजलं? भाताचं बियाणं कोणी आणलं? घरपट्टी कोण भरतं? वहीच्या पानावर उभी रेघ मारा. डावीकडे लोक काय म्हणाले, उजवीकडे काय दिसलं. नोंद त्याच रात्री पूर्ण करा, दोन दिवसांनी लिहिलेली नोंद ही आपली समजूत असते. नात्यांचा तक्ता तीन पिढ्यांचा पुरे: पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, वारलेल्यांवर तिरकी रेघ. लग्न होऊन गेलेल्या मुली हमखास गळतात, म्हणून ‘माहेरवाशिणी किती?’ हे वेगळं विचारा.

‘संस्था’ या शब्दाची अडचण भाषेची आहे. आपण शाळा चालवणाऱ्या मंडळालाच संस्था म्हणतो. समाजशास्त्रात ते मंडळ. संस्था म्हणजे विवाह, नातेव्यवस्था, धर्म, म्हणजे पक्क्या झालेल्या रीती-नियमांची चौकट. मंडळाचं सभासद होता येतं, विवाहसंस्थेचं नाही. एवढी कसोटी लावा.

दर्जा आणि भूमिका यांसाठी शिमग्याची पालखी बघा. पालखीला पहिला हात कुणाचा, सहाणेवर (पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर) नारळ कुणी ठेवायचा, कुणाच्या दारी आधी जायचं, हे मान बहुधा घराण्याने येतात. तो अर्पित दर्जा. वाडीतला मुलगा फौजदार झाला, हा अर्जित. मानकऱ्याने त्या दिवशी करायची कामं ही त्याची भूमिका. मान कुणाला नाही आणि पालखी कुठल्या वाडीत जात नाही, हेही लिहा. स्तरीकरण, म्हणजे समाजातली उतरंड, तिथे दिसतं, आणि ते टाळून लिहिलेला प्रकल्प गावाची जाहिरात होतो.

संस्कृती म्हणजे दशावतार आणि नमन एवढंच नव्हे, आणि ‘सुसंस्कृत’पणाही नव्हे. टायलर या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १८७१ साली ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती, समाजात राहून माणूस जे जे शिकतो ते सगळं त्यात धरलं. वाऱ्यावरून मासळीचा अंदाज बांधणं हीही संस्कृतीच.

वेळ जपून निवडा. लावणीच्या दिवसांत कुणाच्या बांधावर वही घेऊन उभं राहू नका. एक फेरी गणपतीत करा, चाकरमानी आलेले असताना. दुसरी मार्गशीर्षात, कुलुपं लागलेली असताना. त्याच वाडीचे दोन तक्ते शेजारी ठेवा. जातीचा प्रश्न पहिल्या भेटीत नको. बऱ्याचदा वाडीचं नावच ते सांगतं. परवानगी गावकीकडून घेतलीत तरी प्रत्येक घरात पुन्हा विचारा, आणि आधी बाईमाणसाला, कारण चुलीची माहिती तिच्याकडे असते. वहीत नावांऐवजी घराला क्रमांक द्या. क्रमांक-नावांची यादी वेगळ्या कागदावर, घरीच ठेवा.